निकाल ९८ टक्के, पण छेदात किती?

२०२२ साली अमेरिकेत नर्सिंग शिकून पहिल्यांदाच परवाना परीक्षेला बसलेल्या सुमारे १ लाख ८८ हजार विद्यार्थ्यांपैकी ७९.९ टक्के उत्तीर्ण झाले. २०२३ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये ९१.२ टक्क्यांवर. दोन वर्षांत सव्वाअकरा टक्क्यांची वाढ. इतक्या थोड्या काळात देशभरातल्या विद्यार्थिनी एवढ्या हुशार झाल्या, असे कोणी म्हणणार नाही. करोनाकाळात बंद पडलेली रुग्णालयातली प्रात्यक्षिके पूर्ववत सुरू झाली होती. १ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचे स्वरूपही बदलले आणि काही प्रश्नांना अंशतः बरोबर उत्तरासाठीही गुण मिळू लागले. उत्तीर्णतेची पातळी मात्र तीच राहिली.

दरवर्षी वर-खाली होणाऱ्या या आकड्यावर अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांचे अस्तित्व अवलंबून असते. तो सांभाळण्यासाठी अनेक कॉलेजांनी पदवीच्या दारात आणखी एक परीक्षा उभी केली आहे, तिला तिकडे एक्झिट परीक्षा म्हणतात. अभ्यासक्रम पूर्ण झाला, प्रात्यक्षिके झाली, सगळ्या विषयांत पासही झालात, तरी या परीक्षेत ठरावीक गुण मिळाले नाहीत तर पदवी अडते. असा नियम असावा का, या वादाचे उत्तर बरेचसे एका साध्या भागाकारात आहे.

पदवी एकाची, परवाना दुसऱ्याचा

अमेरिकेत नर्स होण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. एक म्हणजे कम्युनिटी कॉलेजातली साधारण दोन वर्षांची पदविका, दुसरा म्हणजे विद्यापीठातली चार वर्षांची पदवी. दोन्ही वाटा शेवटी एकाच परीक्षेपाशी येतात. तिचे नाव एन्क्लेक्स. राज्यांच्या नर्सिंग मंडळांची १९७८ साली स्थापन झालेली राष्ट्रीय परिषद ती घेते. या नावाने परीक्षा १९८२ पासून होते आणि १९९४ पासून ती संगणकावर आहे. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकले की सोपा. सध्या किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न असतात, वेळ पाच तास, शुल्क २०० डॉलर. उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक परीक्षा थांबवतो. नापास झाल्यास पुन्हा बसण्याआधी ४५ दिवस थांबावे लागते.

म्हणजे रुग्णांच्या सुरक्षिततेसाठीची चाळणी आधीच अस्तित्वात आहे, आणि ती कॉलेजच्या हातात नाही. एक्झिट परीक्षा तिच्या अलीकडची. ती सहसा खासगी कंपन्यांकडून विकत घेतलेली असते. एल्सव्हिअरची ‘हेसी’ आणि एटीआय या कंपनीची ‘प्रेडिक्टर’ ही त्यातली सर्वांत परिचित नावे. हेसीमध्ये ८५० ही मान्य पातळी समजली जाते आणि ९०० ही अधिक चांगली. विद्यार्थी एन्क्लेक्समध्ये पास होईल का, याचे भाकीत करण्यासाठी या चाचण्या बनवल्या गेल्या. भाकिताचे साधन पुढे कुलूप कसे झाले, हे समजायला कॉलेजवर असलेले दडपण पाहावे लागते.

कुलूप लावण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. काही ठिकाणी ही चाचणी शेवटच्या सत्रातल्या एका विषयाचा भाग असते. चाचणीत गुण कमी, तर तो विषय नापास. काही ठिकाणी राज्य मंडळाला अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे जे पत्र पाठवायचे असते, ते रोखून धरले जाते. पत्र नाही, तर एन्क्लेक्सला बसताच येत नाही.

८० टक्क्यांची टांगती तलवार

टेक्सासमध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा पहिल्या प्रयत्नातला निकाल ८० टक्क्यांच्या खाली गेला, तर राज्य मंडळ स्पष्टीकरण मागते, आणि घसरण चालू राहिली तर मान्यतेवर गदा येते. कॅलिफोर्नियात ही मर्यादा ७५ टक्के आहे. फ्लोरिडात राष्ट्रीय सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त मागे पडून चालत नाही. सलग दोन वर्षे मागे पडले की कॉलेज परिवीक्षेवर जाते. पदवी अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या सीसीएनई या संस्थेचाही निकष ८० टक्क्यांचाच आहे.

आता गेल्या काही वर्षांचे राष्ट्रीय आकडे पाहा. सगळे पहिल्या प्रयत्नाचे, अमेरिकेत शिकलेल्या उमेदवारांचे:

२०१२ : ९०.३ टक्के
२०१३ : ८३.० टक्के
२०१४ : ८१.८ टक्के
२०१७ : ८७.१ टक्के
२०१९ : ८८.२ टक्के
२०२१ : ८२.५ टक्के
२०२२ : ७९.९ टक्के
२०२३ : ८८.६ टक्के
२०२४ : ९१.२ टक्के

२०१३ मधली घसरण विशेष बोलकी आहे. त्या वर्षी एप्रिलपासून राष्ट्रीय परिषदेने उत्तीर्णतेची पातळी वर नेली. पट्टी उंचावली आणि निकाल एका वर्षात सातहून अधिक टक्क्यांनी खाली आला. कॉलेजांनी शिकवणे अचानक सोडले होते असे नाही. पण देशाची सरासरीच ८२ वर आली की शेकडो कॉलेजे ८०च्या खाली जाणार, हे उघड आहे.

लहान कॉलेजात तर एका विद्यार्थ्याने चित्र बदलते. वर्षाला ३० जण परीक्षेला बसत असतील आणि सहा नापास झाले, तर निकाल बरोबर ८० टक्के. सातवा नापास झाला की ७६.७. त्या एका विद्यार्थ्यामुळे कॉलेज मंडळासमोर उभे राहते. कॉलेजच्या प्रमुखाच्या मनात सर्वांत आधी कोणता उपाय येईल? त्या सातव्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसूच द्यायचे नाही.

छेद बदलला की निकाल बदलतो

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही युक्ती नवी नाही. दहावीचा शंभर टक्के निकाल मिरवणाऱ्या शाळेत कच्च्या मुलांना नववीतच बसवून ठेवायचे, नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरायला लावून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला पाठवायचे, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहिले आहे. फळ्यावरचा निकाल खरा असतो. फक्त त्यातून मुले गाळलेली असतात.

एन्क्लेक्सच्या निकालाचे गणितही तसेच. अंशस्थानी उत्तीर्ण झालेले, छेदस्थानी परीक्षेला बसलेले. प्रवेश घेतलेले विद्यार्थी या अपूर्णांकात कुठेच नाहीत. त्यामुळे निकाल दोन मार्गांनी वाढवता येतो. एक, अंश वाढवायचा. त्यासाठी शिकवावे लागते, प्राध्यापक लागतात, प्रात्यक्षिकांसाठी रुग्णालये लागतात. दुसरा, छेद कमी करायचा. त्यासाठी एक चाचणी विकत घेतली की पुरते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शेवटच्या वर्षात १०० विद्यार्थी आहेत. सगळ्यांना एन्क्लेक्सला बसू दिले, तर ८८ पास होतील. एक्झिट परीक्षेत ६० जणांनी ठरावीक गुण ओलांडले, ४० जण खाली राहिले. वरच्या ६० पैकी ५९ एन्क्लेक्समध्ये पास होतात. म्हणजे खालच्या ४० पैकी २९ पास झाले असते आणि ११ नापास.

कॉलेजने त्या ४० जणांना रोखले, तर जाहीर होणारा निकाल ८८ वरून ९८.३ टक्क्यांवर जातो. कोणी काही जास्त शिकले नाही. ११ संभाव्य नापासांना अडवण्यासाठी पास होणारे २९ अडवले गेले, एवढेच घडले.

भाकीत कोणत्या बाजूचे?

एक्झिट परीक्षांच्या बाजूने सांगितला जाणारा आकडा मोठा भारदस्त आहे. हेसीवरच्या सुरुवातीच्या अभ्यासांत भाकिताची अचूकता ९६ ते ९९ टक्के आढळली होती. आकडा चुकीचा नाही, पण तो चांगले गुण मिळवणाऱ्यांविषयी आहे. ज्यांना उत्तम गुण मिळाले, त्यांच्यापैकी ९६ ते ९९ टक्के एन्क्लेक्समध्ये पास झाले. कमी गुण मिळालेले किती नापास झाले, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्या आकड्यात नाही. वरच्या उदाहरणातही वरच्या गटाचे भाकीत ९८ टक्के बरोबर ठरते. खालच्या गटातल्या ४० जणांना ‘तुम्ही नापास व्हाल’ असे सांगितले, तर ते भाकीत चारपैकी जवळजवळ तीन वेळा चुकते.

यामागे कोणाची लबाडी नाही, संख्याशास्त्र आहे. शंभरात ८८ जण पास होणारच असतील, तर ‘हा पास होईल’ असे डोळे मिटून सांगणाराही ८८ वेळा बरोबर ठरतो. जे क्वचित घडते त्याचे भाकीत नेहमीच अवघड असते. जाळे बारीक विणावे तर नापास होणारे जवळजवळ सगळे सापडतात, पण पास होणारे कितीतरी त्यात अडकतात. सैल विणावे तर दोन्हीकडचे निसटतात.

स्परलॉक आणि हंट यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके हेच तपासले. एका पदवी अभ्यासक्रमातल्या १७९ विद्यार्थ्यांचे हेसीचे गुण आणि एन्क्लेक्सचा निकाल त्यांनी ताडून पाहिला. हेसीच्या पहिल्या प्रयत्नातले गुण आणि एन्क्लेक्सचा निकाल यांच्यात संबंध दिसला; पण नापास कोण होईल, हे सांगण्यात ते गुण फारच दुबळे ठरले. पुढचा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. अनेक प्रयत्नांनंतर मिळालेल्या शेवटच्या गुणांचा आणि एन्क्लेक्सच्या निकालाचा लक्षणीय संबंध आढळलाच नाही.

कॉलेजांच्या नियमात नेमका हाच शेवटचा गुण मोजला जातो. ‘८५० मिळेपर्यंत पुन्हा बसा’ असे सांगितले जाते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला विद्यार्थ्याला त्या चाचणीची सवय होते आणि गुण वाढतात. एन्क्लेक्समध्ये काय होईल, हे त्या वाढीवरून कळत नाही. तरी दार उघडायचे की नाही, हे त्याच आकड्यावर ठरते.

थांबण्याची किंमत

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२३ च्या आकडेवारीनुसार नोंदणीकृत नर्सचा मध्यक वार्षिक पगार ८६,०७० डॉलर होता. म्हणजे महिन्याला सुमारे ७,१७० डॉलर. नव्याने लागणाऱ्या नर्सचा पगार यापेक्षा कमी असतो. तो दोन-तृतीयांश धरला तरी तीन महिने रखडलेल्या पदवीची किंमत १४,३०० डॉलरच्या आसपास जाते. शिवाय अडलेला विषय पुन्हा घेण्याची फी आणि शैक्षणिक कर्जावरचे व्याज.

पैशापलीकडेही एक तोटा आहे. अभ्यासक्रम संपल्यापासून परीक्षेपर्यंतचा काळ जितका लांबतो, तितका उत्तीर्ण होण्याचा दर घसरतो, असे राष्ट्रीय परिषदेच्या संशोधनात दिसले आहे. अभ्यास ताजा असताना बसलेली विद्यार्थिनी आणि चार महिने घरी थांबून बसलेली विद्यार्थिनी यांत फरक पडतोच. म्हणजे तयारी कमी आहे म्हणून जिला थांबवले, तिची तयारी थांबण्यानेच आणखी कमी होण्याचा धोका असतो. थांबवून पद्धतशीर शिकवले तर गोष्ट वेगळी; पण नियमाची सक्ती थांबवण्याची असते, शिकवण्याची क्वचितच.

दुसऱ्या बाजूचेही आकडे

एक्झिट परीक्षेच्या समर्थकांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पहिल्या प्रयत्नात नापास झालेल्या अमेरिकी उमेदवारांचा पुढच्या प्रयत्नांतला निकाल २०२२ पर्यंतच्या काही वर्षांत चाळिशीच्या घरातच घुटमळत होता. म्हणजे पहिले अपयश हे फक्त २०० डॉलर आणि ४५ दिवसांचे नुकसान नसते; त्यानंतर वाट खरोखर अवघड होते. रुग्णालयाने परवाना गृहीत धरून दिलेली नोकरी हातची जाते. तेव्हा कच्च्या विद्यार्थ्याला आधीच सावध करणे ही कॉलेजची जबाबदारीच आहे. आणि मान्यता गेलेले कॉलेज बंद झाले, तर त्यात शिकणाऱ्या सगळ्यांचेच नुकसान होते.

रुग्णांच्या सुरक्षिततेचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ नावाच्या कारवाईची माहिती जाहीर केली. दक्षिण फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग संस्थांमधून ७,६०० हून अधिक बनावट पदव्या विकल्या गेल्याचे त्यात उघड झाले आणि २५ जणांवर आरोप ठेवले गेले. बनावट पदवी घेतलेल्यांपैकी सुमारे २,४०० जण एन्क्लेक्स पास झाले होते. म्हणजे साधारण ३२ टक्के.

या ३२ टक्क्यांचा अर्थ दोन बाजूंनी लावता येतो. अशा दर तिघांपैकी दोघे परवान्यापर्यंत पोहोचले नाहीत, तेव्हा एन्क्लेक्सची चाळणी काम करते. पण तिसरा पोहोचला. तेव्हा पर्याय निवडण्याची परीक्षा एकटी पुरेशी नाही. पदवी विकत घेणाऱ्यांतले काही आधीच रुग्णालयात खालच्या पदावर काम करणारे होते, हे लक्षात घेतले तरी प्रश्न उरतो. मग त्यावर उपाय म्हणून तशाच पद्धतीची आणखी एक परीक्षा घ्यायची का? सलाइन लावताना हात कसा चालतो, रात्री दोन वाजता रुग्णाचा श्वास बदलला तर नर्सच्या ते लक्षात येते का, हे हेसीही तपासत नाही. ते तपासायचे तर रुग्णालयातले तास आणि शेजारी उभी असलेली अनुभवी नर्स लागते. ऑपरेशन नाइटिंगेलमधल्या उमेदवारांकडे नेमके तेच तास नव्हते.

काय मोजायचे?

नॅशनल लीग फॉर नर्सिंग ही अमेरिकेतली नर्सिंग शिक्षणाची जुनी संस्था, १८९३ साली स्थापन झालेली. तिने २०१२ मध्ये चाचण्यांच्या न्याय्य वापरासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा रोख स्पष्ट आहे. आयुष्याला वळण देणारा निर्णय एकाच चाचणीवर घेऊ नये, अनेक पुरावे पाहावेत, आणि नियम काय आहेत हे विद्यार्थ्यांना आधीच माहीत असावे. चाचणीला त्यात विरोध नाही. निकाल लागल्यावर पुढे काय करायचे, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

यातून दोन व्यवहार्य गोष्टी निघतात. पहिली चाचणीच्या वेळेची. हीच चाचणी शेवटच्या महिन्यात घेण्याऐवजी शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला घेतली, तर औषधांच्या मात्रा काढण्यात कोण चुकते, बालरोगात कोण कच्चे आहे, हे कळते आणि शिकवायला आठ-नऊ महिने हातात उरतात. शेवटच्या महिन्यात कळले, तर अडवण्याखेरीज कॉलेजच्या हातात काही नसते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. दोन काल्पनिक कॉलेजे घेऊ. दोघांकडे १०० प्रवेश. पहिल्या कॉलेजातून ९० जण परीक्षेला बसले, ७६ पास झाले. जाहीर निकाल ८४.४ टक्के. दुसऱ्याने ६० जणांनाच बसू दिले, ५९ पास झाले. जाहीर निकाल ९८.३ टक्के. राज्य मंडळाच्या तक्त्यात दुसरे कॉलेज कितीतरी वर दिसेल. पण प्रवेश घेतलेल्या १०० जणांपैकी नर्स झाल्या पहिल्या कॉलेजात ७६ आणि दुसऱ्यात ५९. रुग्णालयांना नर्स हव्या असतील, तर जास्त काम पहिल्या कॉलेजने केले आहे.

म्हणून मान्यतेचा निकष अपूर्णांकाच्या अर्ध्या भागावर ठरू नये. सीसीएनईसारख्या संस्था अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाणही पाहतात, आणि त्यासाठी ७० टक्क्यांचा निकष ठेवतात. त्यापुढे जाऊन दोन्हींचा गुणाकार प्रसिद्ध करायला हवा: शंभर प्रवेशांमागे ठरावीक मुदतीत परवाना किती जणांना मिळाला. हा आकडा विद्यार्थी गाळून वाढवता येत नाही. तो वाढवायला शिकवावेच लागते.

जागांच्या टंचाईचाही यात विचार हवा. अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंगच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर नर्सिंग अभ्यासक्रमांनी पात्र उमेदवारांचे ९१,९३८ अर्ज नाकारले. प्राध्यापक आणि प्रात्यक्षिकांच्या जागा कमी, हे त्यामागचे मोठे कारण. प्रवेशाच्या दारात इतके गाळून आत घेतलेल्यांना बाहेर पडण्याच्या दारात पुन्हा गाळणे, हे टंचाईच्या देशाला परवडणारे नाही.

आणि आपल्याकडे

महाराष्ट्रात रचना वेगळी आहे. बीएस्सी नर्सिंगची परीक्षा कॉलेज घेत नाही. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण लागतात आणि प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक येतात. पदवी मिळाली की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. एन्क्लेक्ससारखी वेगळी परवाना परीक्षा मध्ये नाही. म्हणजे अमेरिकेत दोन दारे आहेत आणि कॉलेजांनी तिसरे बसवले. आपल्याकडे एकच आहे.

हे असेच राहील असे नाही. डॉक्टरांसाठी नेक्स्ट या राष्ट्रीय एक्झिट परीक्षेची तरतूद २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात झाली आणि २०२३ मध्ये ती लांबणीवर पडली. नर्सिंगसाठीही १९४७च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे. एकसारख्या दर्जाची चर्चा पुढे सरकेल, तेव्हा सामाईक परीक्षेची मागणीही जोर धरेल. त्या मागणीत तथ्य आहे. खासगी कॉलेजांच्या दर्जात किती तफावत आहे, हे रुग्णालयात नव्या नर्सना हाताशी घेऊन शिकवणाऱ्या प्रत्येक सिस्टरला माहीत आहे. परवाना देणारी परीक्षा कॉलेजच्या बाहेरच्या, सार्वजनिक संस्थेने घ्यावी, आणि कॉलेजला त्या परीक्षेच्या वाटेत स्वतःची अडसर परीक्षा ठेवता येऊ नये, हा अमेरिकेच्या अनुभवातला धडा आपण आधीच शिकून ठेवायला हवा.

एक्झिट परीक्षा पदवीची अट असू नये, असाच निष्कर्ष या आकड्यांतून निघतो. निदानासाठी ती उपयोगी आहे, आणि ती लवकर घेतली तर अधिक उपयोगी. अडवण्यासाठी ती वापरली की निकाल कॉलेजचा सुधारतो, नर्सिंगचा नाही.

मुलीसाठी नर्सिंग कॉलेज शोधणाऱ्या पालकांना एवढीच विनंती, की जाहिरातीतली टक्केवारी वाचून थांबू नका. चार वर्षांपूर्वी प्रवेश किती जणींनी घेतला होता आणि त्यातल्या किती आज नोंदणीकृत नर्स आहेत, हे दोन आकडे कार्यालयात जाऊन विचारा, आणि ते लेखी मागा.